मांडीचा पहिला फोटो

एक्स-रेच्या फिल्मवर डाग का पडतात ते मला पाठ आहे. डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुवायचं रसायन, जुनं झालं की पडतात. फिल्म पाण्यात नीट धुतली नाही, ओल्या बोटांनी धरली, दोन फिल्म एकमेकींना चिकटल्या, तरी पडतात. यातलं बरंचसं मी स्वतःच्या हातानं करून बघितलेलं होतं. म्हणून नव्वदच्या दशकातल्या एका भाद्रपदात, भर दुपारी, एका बाईच्या मांडीच्या हाडावर मला काळपट डाग दिसला तेव्हा त्याचं कारण शोधायला मला वेळ लागला नाही. डेव्हलपर बदलायला झालंय, असं मी मनात म्हटलं आणि फिल्म वाळत टाकली.

त्या वेळी मी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा होतो. गंगापूर रोडला लागून एका गल्लीत हाडांचा छोटा दवाखाना होता, बारा खाटांचा. तिथे मी एक्स-रे काढायचो. अक्षर बरं होतं म्हणून डॉक्टर सांगतील तसे केस पेपरही मीच लिहायचो. डॉक्टरांचा एक नियम होता: त्यांनी पाहिल्याशिवाय फिल्मबद्दल पेशंटशी एक शब्द बोलायचा नाही. हा नियम मी आठवड्यातून चार वेळा तरी मोडायचो. डॉक्टर दुपारी दुसऱ्या दवाखान्यात ऑपरेशनला जात. लोक लांबून आलेले असत, दारात उभे राहून विचारत, "काय निघालं हो डॉक्टर?" मला कोणी डॉक्टर म्हटलं की मी दुरुस्त करत नसे. हे आज लिहितानाही कान गरम होतात.

त्या दुपारी आलेल्या दोघी सासू-सुना होत्या. शहराच्या कडेला त्यांचा मळा होता, झेंडू आणि थोडा भाजीपाला. सासू पंचावन्नच्या आसपासची, अंगानं वाळलेली. सून माझ्यापेक्षा लहान, फार तर पंचवीसची. सासूची डावी मांडी दोन महिन्यांपासून ठणकत होती. रात्री जास्त. पडली नव्हती, मार लागला नव्हता.

"झेंडू तोडायला वाकत्या आन् तशाच खाली बसत्या," सून म्हणाली. "ह्या बोलत नायत, पण मला दिसतं ना."

"तुला लय दिसतं," सासू टेबलावर पडल्या पडल्या म्हणाली. "दसऱ्याला आठ दिवस राहिले की मग बघ माझा पाय कसा पळतो."

मी फोटो काढला. डार्करूममधून ओली फिल्म क्लिपेत धरून बाहेर आणली आणि खिडकीच्या उजेडात पाहिली. मी मोडलेल्याची रेघ शोधत होतो, कारण आमच्याकडे येणाऱ्यांची हाडं मोडलेलीच असत. रेघ नव्हती. मांडीच्या मधोमध, हाडाच्या आतल्या बाजूला, करंगळीच्या पेराएवढा काळपट डाग होता. त्याची कड पुसट होती, कसर लागल्यासारखी.

सून दाराशी आली. "काय निघालं, भाऊ?"

"काही नाही. हाड शाबूत आहे. शिरेवर शीर चढली असेल. रोज संध्याकाळी कोमट तेलानं मालिश करा, जरा दाबून."

"डॉक्टरांना दाखवायचा ना?"

"मी दाखवतो त्यांना. काही असलं तर कळवीन. फिल्म वाळली की उद्या-परवा घेऊन जा."

तिच्या चेहऱ्यावरची काळजी उतरलेली मी पाहिली, आणि मला बरं वाटलं. सासूला आधार देऊन उठवताना ती म्हणाली, "ऐकलं का, आता रोज मालिश. नाय म्हणायचं नाय." सासू म्हणाली, "तुझ्या हाताला काम लागलं एक."

फिल्म मी डॉक्टरांना दाखवली नाही. दुसऱ्या दिवशी एका ट्रकचा अपघात होऊन माणसं आली आणि राहून गेलं. त्या दोघीही फिल्म न्यायला आल्या नाहीत. काही निघालं नाही म्हटल्यावर ऐन फुलांच्या दिवसांत कोण कशाला येईल? न नेलेल्या फिल्मसाठी कपाट होतं. त्यात ती गेली.

दसरा झाल्यावर चार-पाच दिवसांनी, सकाळी दवाखाना उघडतोय तोच टेम्पोतून त्या सासूला आणलं. मांडी मध्येच वाकडी झालेली. बरोबर थोरला मुलगा, धाकटा मुलगा म्हणजे त्या सुनेचा नवरा, थोरली सून, आणि सगळ्यांच्या मागे ती. तिला कोणी आत येऊ दिलं नाही. व्हरांड्याच्या कठड्याला टेकून ती उभी होती. तिच्या हाताला अजून तेलाचा वास येत होता.

"काल दिवे लागायला मालिश करत होते," मी न विचारताच तिनं सांगितलं. "रोजच्यासारखंच. मांडीवरून हात खाली आणला आन् कट्ट वाजलं. मला वाटलं पाटच मोडला खालचा."

थोरली जाऊ तिथेच होती. "पाय चेपायला सांगितलेला, मोडायला नाय. हाताला काय लोखंड लावलंय का गं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी फोटो काढायला आत गेलो.

नवीन फोटोत हाड आडवं, सरळ मोडलेलं होतं, खडू मोडतो तसं. आणि मोडलेली टोकं कुरतडलेली. मी डार्करूमचं दार लावून घेतलं. मग कपाटातून पहिली फिल्म काढली आणि मागच्या व्ह्यू बॉक्सच्या उजेडावर दोन्ही एकावर एक धरल्या. डाग आणि मोड एकाच जागी आले. आधी जे करंगळीच्या पेराएवढं होतं ते आता अंगठ्याएवढं झालं होतं. डेव्हलपर मी मधल्या काळात दोनदा बदललं होतं. पहिली फिल्म मी परत कपाटात ठेवली, अगदी तळाशी.

डॉक्टरांनी नवीन फोटो बराच वेळ पाहिला. दोन्ही मुलांना आत बोलावलं. मला केस पेपर घेऊन बसायला सांगितलं. एकेक प्रश्न विचारत गेले, मी लिहीत गेलो. पडल्या होत्या का? नाही. दुखणं कधीपासून? रात्री झोप लागते का? वजन उतरलंय का? मग ते बाईंना तपासायला गेले आणि परत आल्यावर हात पुसत म्हणाले, "छातीत गाठ आहे. लिंबाएवढी. वर्षभर तरी असेल. सांगितलं नाही कोणाला?"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. आईनं कोणाला सांगितलं नव्हतं.

"तिथलं दुखणं हाडात उतरलंय," डॉक्टर म्हणाले. "हे हाड आतून पोखरलेलं होतं. ते कोणाच्याही हातात मोडलं असतं. नुसती कूस बदलताना मोडलं असतं. सुनेची यात काही चूक नाही."

हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्या खोलीत आम्ही चौघे होतो: डॉक्टर, दोघे भाऊ आणि मी. भिंतीपलीकडे व्हरांडा होता.

मग डॉक्टरांनी विचारलं, "आधी कुठे फोटो काढला होता का?"

थोरला म्हणाला, "इथंच काढला होता म्हणे, महिन्याभरापूर्वी. काय निघालं नाय म्हणली ती."

डॉक्टर माझ्याकडे वळले. मला आठवतं, पेनाचं टोपण माझ्या दातात होतं. ते काढून मी म्हणालो, "फिल्मवर डाग पडले होते, सर. परत या म्हटलं होतं. आले नाहीत."

"फिल्म कुठे आहे?"

"टाकून दिली."

डॉक्टरांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं असं मला वाटलं. कदाचित तसं नसेलही. ते म्हणाले, "लिही. पूर्वीचा फोटो अस्पष्ट, पुन्हा बोलावूनही रुग्ण आला नाही." मी लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

थोरला भाऊ धाकट्याकडे वळून म्हणाला, "परत बोलावलं होतं तर तिनं सांगितलं का नाय? बघ, बघ तुझी बायको." धाकटा खाली मान घालून बसला होता.

मालिश करायला मीच सांगितलं होतं, ते कोणी विचारलंच नाही. मीही तो विषय काढला नाही.

त्यानंतर भावांनी डॉक्टरांना एक विनंती केली. अशी विनंती तेव्हा घरोघरचे लोक करत, आताही करतात. आईला हे कळू द्यायचं नाही. तिनं नाव ऐकलं तर हाय खाईल. डॉक्टर म्हणाले, "मग पाय कशानं मोडला म्हणून सांगणार?" थोरला म्हणाला, "तिला वाटतंय तेच वाटू द्या. मालिशीनं." आणि बायकांना सांगायचं नाही, कारण त्यांच्या पोटात राहत नाही, आईसमोर डोळ्यांत पाणी आणलं की संपलं. डॉक्टरांना ते पटलेलं दिसलं नाही, पण त्यांनी मान हलवली. दवाखान्यातल्या केस पेपरवर खरं दुखणं राहिलं. घरी न्यायच्या कार्डावर फक्त मोडलेल्या हाडाचं नाव आणि सळी टाकल्याची नोंद. तेही मीच लिहिलं.

ऑपरेशन झालं. आतला तुकडा तपासायला गेला आणि डॉक्टर म्हणाले तेच निघालं. मुंबईला न्या म्हणून त्यांनी दोन-तीनदा सांगितलं. ते लोक नेतो नेतो म्हणत राहिले. आठ दिवस बाई आमच्याकडे होत्या. सून रोज डबा घेऊन यायची. सासू डबा खायची, पण सून खाटेपाशी आली की पाय गोधडीखाली ओढून घ्यायची, सळी टाकलेला पायसुद्धा, कण्हत. एकदा सासू म्हणाली, "लांबूनच बोल बाई. एक ऱ्हायलाय अजून." शेजारच्या खाटेवरच्या बायका हसल्या. सूनही हसायचा प्रयत्न करत होती.

एकदा तिनं मला जिन्यात गाठलं. "भाऊ, तुम्ही परत या म्हणले होते का हो?"

मी म्हणालो, "म्हटलं होतं की. तुमच्या लक्षात राहिलं नसेल."

ती डब्याची पिशवी दुसऱ्या हातात घेत म्हणाली, "असंल. तवा झेंडूचा लय गोंधळ होता."

त्या दिवाळीत सूर्यग्रहण आलं. ग्रहणाच्या आधी आठवडाभर ओळखीपाळखीचे लोक माझ्याकडे जुन्या फिल्म मागत होते. तेव्हा सगळे एक्स-रेच्या तुकड्यातूनच सूर्य बघायचे, डोळ्यांना वाईट असतं हे कोणी ऐकत नसे. डॉक्टर म्हणाले, कपाटातल्या जुन्या देऊन टाक, जागा तरी होईल. मी ढीग काढला आणि कात्री घेऊन बसलो. पहिल्यांदा ती एकच फिल्म कापली. आधी मधोमध, डागातूनच. मग त्याच्या पट्ट्या केल्या. मग बाकीच्या कापल्या, म्हणजे सगळ्या सारख्या दिसाव्यात.

ग्रहणाच्या सकाळी आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर पंधरा-वीस माणसं जमली. शेजारचे एक काका पट्टी डोळ्याला लावून ओरडले, "अहो, हे कोणाचं हाड दिलंत? सूर्यालाच फ्रॅक्चर झालेलं दिसतंय!" सगळे हसले. मीही. त्यांच्या हातात तीच पट्टी होती की दुसरी, ते मला माहीत नाही. मी वर बघितलं नाही.

बाई संक्रांतीनंतर गेल्याचं कळलं.

पुढची बारा-तेरा वर्षं मी त्याच दवाखान्यात काढली. डार्करूम गेली, कॉम्प्युटरवर फोटो दिसायला लागला. डॉक्टर वारले, त्यांचा मुलगा बसू लागला. जुने केस पेपर रद्दीत गेले. मी फिल्मबद्दल पेशंटशी बोलणं पूर्ण बंद केलं होतं. नवीन मुलांना मी शिकवायचो की मार न लागता मांडी दुखत असेल, रात्री जास्त दुखत असेल, तर पूर्ण हाड फोटोत घ्या, खुब्यापासून गुडघ्यापर्यंत, आणि काही वेगळं दिसलं तर डॉक्टर ऑपरेशनमध्ये असले तरी जाऊन दाखवा. मुलं म्हणायची, सर फार बारकाईनं शिकवतात. बायकोलाही मी हे कधी सांगितलं नाही.

मग एका उन्हाळ्यात, सकाळी साडेदहाच्या सुमारास, चाळिशीकडे झुकलेली एक बाई एका म्हातारीला घेऊन आली. कागदावर लिहिलं होतं: डावी मांडी व गुडघा. मी म्हातारीला टेबलावर घ्यायला सांगितलं. बाई बाजूला उभी राहिली.

"पाय जरा उचलून धरा त्यांचा," मी म्हणालो.

"तुम्हीच धरा, भाऊ. मी आईच्या पायाला हात लावत नाय."

"का हो?"

म्हातारीच बोलली. "तिच्या हाताला दोष हाय म्हणती. मी जन्म दिला तिला, मला नाय दिसला कधी दोष. पण ऐकत नाय. सासूच्या वक्ताला काय झालं, तवापासून तेल म्हणून हातात घेत नाय."

मी तिच्याकडे नीट पाहिलं तेव्हा ओळखलं. तिनं मला दारातूनच ओळखलं असावं.

मी फोटो काढले. नव्या डॉक्टरांना खुर्चीतून उठवून आणून दाखवले. मांडी स्वच्छ होती, गुडघा झिजलेला होता. डॉक्टरांनी त्या दोघींना तसं सांगितलं. ती ते ऐकत होती, पण बघत माझ्याकडे होती. म्हातारीला बाकावर बसवून ती औषधं घ्यायला निघाली तेव्हा मी तिला एक्स-रेच्या खोलीत बोलावलं आणि सगळं सांगितलं. उभ्या उभ्याच सांगितलं. डाग पाहिल्याचं, मालिश सांगितल्याचं, डॉक्टरांना न दाखवल्याचं. परत बोलावलं नव्हतं हे. कात्रीचंही. आणि जुने डॉक्टर म्हणाले होते ते वाक्य, जसंच्या तसं: सुनेची यात काही चूक नाही.

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा शिव्या देईल. दोन्हीची मी तयारी केली होती, तेरा वर्षं केली होती.

ती म्हणाली, "हे डॉक्टर कोणाला म्हणले?"

"तुमच्या घरच्यांना."

"कोणाला?"

"तुमच्या मिस्टरांना. आणि थोरल्या दिरांना."

"कधी?"

"त्याच दिवशी सकाळी."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, मी काय केलं ते. मला वाटत होतं की सासू गेल्यावर तरी कोणी तिला सांगितलं असेल, आजार तरी कळला असेल; फक्त माझा वाटा तिला माहीत नसेल. तिला काहीच माहीत नव्हतं. तेरा वर्षं ती त्याच घरात, त्याच माणसाला जेवायला वाढत होती.

ती फोटोच्या टेबलाला हात टेकून उभी राहिली. "ह्यांना ठाव होतं," ती स्वतःशीच म्हणाली. "म्हणजे माझी जाऊ बोलायची, हळदीकुंकवाला बाया बोलायच्या, माझ्या पोरीच्या सोयरिकीत विषय निघाला, तवा हे समोर बसलेले. आन् ह्यांना ठाव होतं."

मी म्हणालो, "मी तुमच्या घरी येऊन सांगतो."

"काय गरज नाय." मग, "तुम्ही का नाय बोलले तवा?"

"नोकरी गेली असती."

तिनं मान हलवली, जणू हे उत्तर तिला समजण्यासारखं होतं. तेच मला सगळ्यात जास्त लागलं. "लिहून द्या," ती म्हणाली.

मी कोरा कागद घेतला. आजाराचं नाव, हाड आधीच पोखरलेलं होतं, असं लिहायला सुरुवात केली. तिनं थांबवलं. "ते खाली लिवा. आधी लिवा, मी परत बोलावलं नव्हतं."

मी नवीन कागद घेतला. तिनं सांगितलं तसं लिहिलं. परत बोलावलं नव्हतं. मालिश मीच सांगितली होती. फोटोत दुखणं आधीच दिसत होतं. सही केली. तिनं वाचायला लावलं, मी वाचून दाखवलं. एकदा झाल्यावर पुन्हा पहिली ओळ वाचायला लावली.

"मला वाटायचं मीच विसरले," ती म्हणाली. "इतकी वर्षं मला वाटायचं, तुम्ही म्हणले असाल आन् मी फुलाच्या नादात विसरले."

तो कागद तिनं चार घड्या करून पिशवीत ठेवला. त्याचं पुढे काय केलं ते मला माहीत नाही. घरी दाखवला असेल, जाळला असेल. मी चौकशी केलेली नाही. तेवढा धीर माझ्यात अजून आलेला नाही. तिच्या घरात त्या दिवसानंतर काय झालं असेल, याचाही भार आता आधीच्या भारात मिळालेला आहे.

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. रिक्षा उभी होती. म्हातारीला आत बसवलं, पण गुडघा वाकत नव्हता, पाय बाहेरच राहिले. "उचल गं जरा," म्हातारी म्हणाली.

मला वाटलं आता उचलेल. पिशवीत तो कागद होता. ती वाकली, हात पुढे आले, आणि आईच्या पायापासून वीतभर अंतरावर थांबले. तिथेच थांबून राहिले. मग तिनं ते मागे घेतले आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "दादा, तुम्ही घ्या ना वर. माझ्यानं व्हायचं नाय."

रिक्षावाल्यानं उतरून म्हातारीचे पाय एकेक करून आत ठेवले.